काडी, चिखल आणि कोळिष्टक

मराठीत पक्ष्यांविषयी जे लिहिले गेले आहे त्यात घरटे बहुतेक वेळा पुरे झाल्यावरच भेटते. ते कोणत्या झाडावर होते, जमिनीपासून किती उंच होते, त्यात अंडी किती आणि कोणत्या रंगाची होती, एवढे नोंदवले जाते. पण ज्या काड्या, मुळ्या, साली, चिखल आणि धागे यांचे ते झालेले असते त्या वस्तू पक्ष्याने कोठून उचलल्या, कशा तोडल्या आणि आसपास दहा गोष्टी असताना नेमकी तीच का निवडली, हा प्रश्न एखाद्या ओळीत उरकला जातो. घरटे पुरे होण्याआधीचे हे दिवस हाच प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. त्याची हद्दही मुद्दाम आखून घेतलेली आहे. सह्याद्रीतल्या दाट जंगलांतले पक्षी येथे नाहीत. परसबागेत, गच्चीवरच्या कुंड्यांत, नारळी-पोफळीच्या वाड्यांत, उसाच्या फडात, ज्वारी-बाजरीच्या रानात आणि शेतांच्या बांधांवर चोचीत काहीतरी धरून लगबगीने ये-जा करणारे जे पक्षी कोणालाही घराजवळ पाहता येतात, तेवढेच येथे घेतले आहेत.

पक्ष्यांनी जोडी जमवण्यापासून पिल्ले उडती होईपर्यंतच्या काळाला ‘विणीचा हंगाम’ म्हणतात, आणि बहुतेक पक्ष्यांना घरटे लागते ते या हंगामापुरतेच; एरवी ते रात्री फांदीवर, पानांच्या आड किंवा थव्याने एखाद्या झाडावर झोपतात. घरट्याला टिकायचे असते ते काही आठवडे, मात्र त्या आठवड्यांत त्याला ऊन, वळवाचा पाऊस, वारा, साप, कावळा आणि दिवसागणिक वाढणाऱ्या पिल्लांचे वजन हे सारे सोसावे लागते. म्हणून त्यात साधारणपणे तीन भाग ओळखता येतात : फांदीला किंवा भिंतीला धरून ठेवणारी बांधणी, तिच्या आधाराने उभा राहिलेला साचा, आणि अंडी ज्यावर टेकतात ते अस्तर. तिन्हींची गरज निराळी, म्हणून साहित्यही निराळे. बांधणीला चिवट किंवा चिकट काहीतरी हवे, साच्याला ताठ पण वाकणारे, आणि अस्तराला ऊब धरणारे. लालबुड्या बुलबुलाचे वाटीएवढे घरटे जवळून पाहिले तर बाहेरच्या अंगाला बारीक काटक्या आणि त्यांना आवळून धरणारी कोळिष्टके दिसतात, तर आत केसासारख्या बारीक मुळ्या गोल फिरवून बसवलेल्या असतात. ही गोलाई चोचीने साधलेली नसते. पक्षी अर्धवट वाटीत बसतो, छातीने कडा दाबतो आणि स्वतःभोवती थोडा थोडा फिरत राहतो, त्यामुळे वाटीचे माप आपोआप त्याच्या अंगाचे माप होऊन बसते. होला मात्र थोड्याशा काटक्या एकमेकींवर टाकून थांबतो, इतक्या विरळ की खालून पाहणाऱ्याला फटींतून पांढरी अंडी दिसावीत. तरीही गावात, शेतात आणि शहरात होले भरपूर आहेत, तेव्हा अवघड बांधणी ती श्रेष्ठ आणि सोपी ती कनिष्ठ, अशी उतरंड लावण्यात अर्थ नाही.

भारतातील घरट्यांच्या पहिल्या मोठ्या लेखी नोंदी अंडी जमवणाऱ्यांनी केल्या. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव मराठी वाचकाला १८८५ सालच्या काँग्रेसच्या स्थापनेमुळे माहीत असते; भारतीय पक्ष्यांची घरटी आणि अंडी या विषयावरील त्यांच्या ग्रंथाचा कच्चा मसुदा १८७३ मध्ये छापला जाऊ लागला, आणि यूजीन ओट्स यांनी संपादित केलेली त्याची तीन खंडांची आवृत्ती १८८९-९० मध्ये निघाली. पुढे १९३२ ते १९३५ या काळात स्टुअर्ट बेकर यांचे याच विषयावरील चार खंड प्रसिद्ध झाले. अंड्यांच्या पेट्या भरण्याचा तो छंद क्रूर होता हे आज स्पष्ट बोलले पाहिजे. पण त्यातून घरट्यांतल्या साहित्याची जी बारीक वर्णने उरली, त्यांच्यावाचून पुढच्या अभ्यासाला पायाच मिळाला नसता. उणीव होती ती वेगळीच. ही वर्णने काम संपल्यानंतरची होती, आणि पक्षी काम करत असताना समोर बसून राहण्याची चिकाटी त्यांच्यामागे क्वचितच होती. ती चिकाटी किनाऱ्यावरच्या एका मराठी गावात दिसली. १९३० च्या पावसाळ्यात सलीम अली अलिबागजवळच्या किहीम येथे सुगरणींची एक वसाहत बारकाईने पाहत होते, आणि त्यांची निरीक्षणे १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे मुंबईत १८८३ साली स्थापन झालेल्या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेच्या नियतकालिकात छापून आली.

सुगरणीचे घरटे विणतो तो नर, आणि तो एका हंगामात एकामागून एक अशी अनेक घरटी विणून वेगवेगळ्या माद्यांशी जोडी जमवू शकतो, हे त्या लेखनाने नीट मांडले. मराठीने या पक्ष्याला गृहिणीचे नाव दिले. खानदेशात त्याच्या घरट्याला खोपा म्हणतात, आणि बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे हा शब्द महाराष्ट्रभर घरोघरी पोचला. प्रत्यक्षात मादीचा हात लागतो तो घरट्याच्या आतल्या अखेरच्या कामापुरता. तिचे मोठे काम परीक्षकाचे आहे : नराने घरटे अर्धे, टोपीसारखे उलटे लोंबते इथवर आणले की माद्या येऊन ते पाहतात, आणि एखादीने पसंत केले तरच तो अंड्यांची खोली पुरी करून खाली प्रवेशाची नळी विणतो. नापसंत घरटी तशीच अर्धवट लोंबत राहतात, म्हणून सुगरणींच्या झाडावर पुरी आणि अधुरी घरटी शेजारी शेजारी दिसतात.

नर साहित्य कसे काढतो हे उसाच्या किंवा उंच गवताच्या कडेला थोडा वेळ थांबले तर पाहता येते. तो पात्यावर उतरतो, बुडाजवळच्या एका कडेला चोचीने खाच पाडतो, खाचेच्या वरची कड चोचीत घट्ट धरतो आणि उडतो. त्या झटक्यासरशी पात्याची एक लांब पट्टी टोकाकडे सोलत जाते आणि पक्षी ती मागे फडफडत नेतो. खाच जेवढी खोल तेवढी पट्टी रुंद, म्हणजे कापड फाडणाऱ्याने आधी कात्री लावून घ्यावी तशीच ही रीत. भाताची, उसाची, गवताची पाती, नारळाच्या आणि शिंदीच्या झावळ्या, सारे त्याला चालते. पट्टी साधारण २० ते ६० सेंटिमीटर लांब निघते, एका घरट्यासाठी सुमारे ५०० फेऱ्या होऊ शकतात, आणि पुऱ्या घरट्याला सुमारे १८ दिवस लागतात, त्यांतले ८ एक दिवस टोपीच्या अवस्थेत जातात. पट्टी हिरवीच लागते, कारण वाळलेले पाते गाठ घालताना मोडते; हिरवे पाते वळते, वेढे घेते आणि सुकताना आकसून गाठ आणखी आवळते. सुगरणीची वीण पावसाळ्यात का होते, याच्या उत्तरात पिल्लांना लागणारे किडे आणि पुढे येणारे गवताचे बी जेवढे महत्त्वाचे तेवढाच हा हिरवा दोराही महत्त्वाचा, कारण पहिल्या पावसाने गवत वर येईपर्यंत विणायला फारसे काही नसते.

घरट्याच्या आत नर ओल्या चिखलाचे गोळे लिंपतो. त्या चिखलात काजवे चिकटवून सुगरण रात्री दिवा लावते, अशी समजूत देशात दूरवर पसरलेली आहे. चिखल खरा आहे, दिवा मात्र कल्पनेतला आहे. चिखलाच्या वजनाने लोंबते घरटे वाऱ्यात कमी हेलकावते, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. या पक्ष्याविषयी शेतकऱ्याची तक्रारही येथे नोंदवणे न्यायाचे ठरेल, कारण सुगरणींचा थवा कणसातल्या दाण्यावर बसतो तेव्हा नुकसान खरोखर होते. पण हंगामाच्या सुरुवातीला पात्यांच्या पट्ट्या निघतात त्याचा पिकाला बसणारा फटका आणि दाण्याचे नुकसान यांची गल्लत करू नये. एकाच पक्ष्याची ही दोन कामे आहेत आणि ती निरनिराळ्या महिन्यांत होतात.

सुगरणीकडे लक्ष सहज जाते, त्यामुळे बागेतल्या लहान पक्ष्यांचे साहित्य दुर्लक्षित राहते, आणि या साहित्यात कोळिष्टकाइतके मोलाचे दुसरे काही नाही. कोळ्याचा धागा चिकट असतो, ताणला तरी सहज तुटत नाही, आणि पिल्ले वाढून घरटे आतून फुगू लागले की त्यांच्याबरोबर थोडा सैल होतो. सुतळीला किंवा काडीला हे जमत नाही. शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारा इवलासा सूर्यपक्षी, नाचण, चष्मेवाला आणि शिंपी, या साऱ्यांची वीण या धाग्यावर उभी आहे. शिंजिराची मादी जाळ्यासमोर पंख फडफडवत धागा चोचीवर गोळा करते, तो डहाळीच्या टोकाला वेढते आणि तेथून खाली लांबट थैली लोंबवते, जिच्या एका बाजूला दार असते आणि दारावर पागोळी अडवणारे छोटेसे छप्पर. थैलीच्या बाहेर सालपटांचे कपटे, वाळक्या पानांचे तुकडे, सुरवंटांची विष्ठा असे कायकाय त्याच धाग्याने चिकटवलेले असते, त्यामुळे दोन हातांवरून पाहणाऱ्यालाही फांदीत अडकलेला केर वाटावा. आत मात्र रुईच्या किंवा सावरीच्या बियांना असणारा रेशमी कापूस भरलेला असतो, ज्याला मुले म्हातारी म्हणतात.

शिंप्याचे काम याहून थक्क करणारे आहे, आणि तेही मादीचे. लिंबू, जास्वंद, कर्दळ, वांगे, अंजीर यांसारख्या झाडाचे एक मोठे पान किंवा दोन-तीन लहान पाने ती निवडते, पानांच्या कडांना चोचीने भोके पाडते आणि त्यांतून कापसाचे, सालीचे किंवा कोळिष्टकाचे धागे ओढून कडा जवळ आणते. मराठी नावामुळे एकच दोरा ओवत नेलेली शिवण डोळ्यांपुढे येते, पण रचना तशी नसते. प्रत्येक भोकातला धागा स्वतंत्र असतो आणि त्याचे टोक बाहेरच्या बाजूने फुलून बसते, त्यामुळे तो मागे सरकत नाही. पान झाडाला जोडलेलेच असल्याने हिरवे राहते आणि शेजारच्या पानांत मिसळून जाते. ही लपण्याची युक्ती साप-मांजरांपासून तारते, माणसापासून नेहमीच तारते असे नाही, कारण गुंडाळलेले पान दिसले की पाने गुंडाळणारी अळी पडली असे समजून बागेची काळजी घेणारा माणूस ते खुडून टाकतो. खुडण्याआधी पानाच्या कडेला कापसाचा पुंजका दिसतो का, एवढे पाहिले तरी पुरे.

आता कावळा. चिऊताईचे घर मेणाचे आणि काऊचे घर शेणाचे, ही गोष्ट ऐकून मोठ्या झालेल्या वाचकाला हे सांगायला हवे की चिमणी मेण वापरत नाही आणि कावळा शेणाचे घर बांधत नाही. पण घर टिकणे न टिकणे हे सामानावर ठरते, हे त्या गोष्टीला पक्के ठाऊक आहे. कावळा पावसापूर्वी, चैत्र-वैशाखाच्या सुमारास झाडाच्या सुक्या काटक्या चोचीने मोडून आणतो आणि आत काथ्या, चिंध्या, केस असे मऊ सामान घालतो. शहरात त्याला काटक्यांपेक्षा तारा सोप्या पडतात. बांधकामावरची बांधायची तार, विजेच्या तारांचे तुकडे, कपडे वाळत घालायचे लोखंडी हँगर यांनी विणलेली कावळ्यांची घरटी मुंबईत नवी नाहीत. कावळ्याने घरटे कोणत्या झाडावर आणि कोणत्या दिशेच्या फांदीवर केले, त्यावरून पावसाचे अनुमान बांधण्याची खेड्यांतली रीत फार जुनी आहे. ते अनुमान खरे ठरते असा दावा येथे करायचा नाही. मात्र कावळा बांधकामाला केव्हा लागला याकडे शेतकऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्या लक्ष होते, ही गोष्ट या पुस्तकाच्या दृष्टीने फार मोलाची आहे.

चिमणीला वळचणीतले किंवा भिंतीतले भोक भरून काढायचे असते, म्हणून ती गवत, सुतळीचे धागे, कापूस आणि कोंबड्यांची पिसे असे जे मिळेल ते आणते. तिच्या निवडीत मात्र वरवर दिसतो तेवढा गोंधळ नाही. भारतात चिमण्या घरट्यात कडुनिंबाची पाने आणून ठेवतात अशी नोंद १९८१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि घरट्यातल्या किड्यांना दूर ठेवण्याशी तिचा संबंध जोडला गेला. मेक्सिको शहरात झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, चिमण्यांच्या घरट्यांत ओढून टाकलेल्या सिगारेटच्या थोटकांचा कापूस जितका जास्त तितके परजीवी किडे कमी, असे आढळले. त्याच संशोधकांनी पुढे या थोटकांमुळे पिल्लांच्या पेशींना होणारी इजाही नोंदवली. ज्या घरात तुळस आणि कडुनिंब दारात असतो त्या घरातल्या चिमणीने कडुनिंब आणावा आणि शहरातल्या चिमणीला थोटूक मिळावे, हा फरक चिमणीने केलेला नाही.

चिखल वापरणाऱ्या पाकोळ्या आणि जवळजवळ काहीच न वापरणारी टिटवी यांची ओळख येथे थोडक्यात करून देता येईल, कारण त्यांची प्रकरणे पुस्तकात स्वतंत्र आहेत. पाकोळ्या पाटाच्या कडेचा, नांगरटीतल्या डबक्याचा ओला चिखल चोचीत घेऊन पुलाखाली किंवा घराच्या छपराखाली गोळीवर गोळी बसवतात. एकदम जास्त ओली भिंत आपल्याच वजनाने सुटते, म्हणून मधूनमधून त्या थर सुकू देतात. टिटवी उघड्या शेतात जमीन किंचित उकरते, भोवती खडे आणि बकरीच्या लेंड्या मांडते आणि ढेकळांच्या रंगाची अंडी त्यात घालते, इतकी बेमालूम की औत हाकणाऱ्याला ती पक्षिणीच्या ओरडण्यावरूनच कळतात.

या सगळ्या यादीकडे एकत्र पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. सुक्या काटक्या, मुळ्या, जळमटे, रुईची म्हातारी, बांधावरचे मारवेल आणि कुसळीसारखे गवत, डबक्याचा चिखल, गळालेली पिसे, यांतल्या एकाही वस्तूला माणसाच्या हिशेबात किंमत नाही. बाग स्वच्छ करायची किंवा शेत नीट करायचे म्हणजे प्रामुख्याने याच गोष्टी काढून टाकायच्या असतात. पक्षी राहावेत म्हणून झाडे लावण्याचा आग्रह सर्वत्र धरला जातो आणि तो योग्यच आहे, पण झाड हे घरटे टांगायची खुंटी असते, घरटे ज्याचे होते ते सामान झाडाखाली, झाडाच्या कडेला आणि झाडावरच्या कोळ्यांकडे असते. बांधावर तणनाशक फवारले की वटवट्या आणि मनोली यांसारख्या लहान पक्ष्यांना गवताची पाती मिळत नाहीत. कीटकनाशकाने किड्यांबरोबर कोळीही मरतात आणि बागेत फुलांचा बहर असताना शिंजिराला थैली टांगायला धागा उरत नाही. विहिरीवर झुकलेली बाभूळ तोडली की सुगरणींच्या पिढ्यांनी वापरलेली, साप-खारींना अवघड पडणारी जागा जाते. हे नुकसान कोणी द्वेषाने करत नाही, ते नीटनेटकेपणाच्या चांगल्या सवयीतून होते, आणि म्हणूनच ते ध्यानात येत नाही.

त्याच वेळी माणूस नवे सामान नकळत पुरवत असतो. द्राक्षबागेतली नायलॉनची दोरी, शेडनेटचे सुटलेले धागे, खतांच्या पोत्यांची पट्टी आणि पतंगाचा मांजा हे सारे पक्ष्याला उत्तम दोरा वाटते; पण गवताचा धागा कुजतो आणि तुटतो, हा तुटत नाही. पिल्लाच्या पायाला त्याचा वेढा बसला तर पाय वाढतो आणि वेढा तेवढाच राहतो. ज्यांना बागेत पक्ष्यांसाठी साहित्य ठेवायचे असेल त्यांनी काथ्या, वाळके गवत, बारीक मुळ्या आणि सुक्या काटक्या एखाद्या टोपलीत ठेवाव्यात. लांब केस, शिवणाचा दोरा आणि लोकर ठेवू नये. याहूनही सोपा उपाय म्हणजे बागेचा एक कोपरा झाडायचाच नाही.

पुस्तकातील प्रकरणे मराठी महिन्यांच्या क्रमाने लावली आहेत, चैत्रातल्या कावळ्यापासून भाद्रपद-आश्विनातल्या मनोल्यांपर्यंत, कारण शेतकऱ्याला आणि बागेत काम करणाऱ्याला हाच क्रम जवळचा वाटेल. निरीक्षण कसे करावे याविषयी एवढेच सांगणे आहे की पक्षी काडी घेऊन कोठून निघाला तेथे उभे राहावे, तो कोठे गेला तेथे नव्हे. गवताजवळ किंवा जाळ्याजवळ उभ्या असलेल्या माणसाला पक्षी लवकर सरावतो; घरट्याजवळ उभ्या असलेल्या माणसामुळे तो घरटे सोडून देऊ शकतो, आणि पाने बाजूला सारून पाहिलेले घरटे कावळ्यालाही दिसते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी आणि घरटी नष्ट करणे किंवा त्यांना त्रास देणे हे शिकारीच्या व्याख्येतच घातलेले आहे, हेही येथे सांगून ठेवणे आवश्यक आहे.

पावसाळा संपला की विहिरीवरच्या बाभळीखाली सुगरणीचे एखादे जुने घरटे वाऱ्याने पडलेले सापडते. ज्या घरट्यांना वारा लागत नाही त्यांत पांढऱ्या कंठाची मनोली येऊन स्वतःची वीण उरकते. पडलेले मात्र कोणाच्याच उपयोगाचे नसते, आणि ते जागेवरच वाकून नीट पाहता येते. खालची नळी सैल विणलेली असते, बोट लावले तरी पट्ट्या सुटतात, कारण ते काम शेवटचे आणि मादीने पसंती दिल्यानंतरचे. वर खोलीच्या भिंतीत वीण दाट होते, कोठे उसाच्या पात्याची रुंद, खरखरीत पट्टी लागते, कोठे नारळाच्या झावळीची गुळगुळीत, आणि मध्येच सुकलेल्या चिखलाचा खपला हाती येतो. त्याहून वर, जेथे सगळी जाडी एकत्र येते, तेथे काटेरी डहाळीचा तुटलेला तुकडा अजून आत अडकलेला असतो; आणि जुलैतल्या कोणत्या तरी सकाळी हिरवी असताना त्याच्याभोवती घातलेली पहिली गाठ आता तपकिरी झालेली असते, ती काही केल्या सुटत नाही.